शुभांगीची खिरापत

"डबे माहे हायेत. माह्या डब्यांवर कोनाच्या चिठ्ठ्या नाई लागनार म्हंजे नाई लागनार!"

"पन आई, तू फाडून काहून राह्यली? काकूनं किती मेहनतीनं लिवल्या त्या!"

"तेवढ्या मेहनतीनं भांडे घासले असते तं माही कंबर वाचली असती."

शुभांगीने मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी ओढली. तिच्यावर वैभवीच्या गोल, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: मेलाख. मग साखरेच्या डब्यावरची, सुकार. मग हळदीवरची, कुरकुम. पिठाच्या पिंपावर तर चिठ्ठी दोन जागी लावलेली होती, झाकणावर आणि पोटावर. फाडलेले कागद तिने चुलीशेजारी टाकले. निकिता, तिची तेरा वर्षांची लेक, ते एकेक करून उचलून हातात धरत होती. ते पाहून शुभांगीचा पारा आणखी चढला.

ओसरीवरून सासूबाईंचा, गोजराबाईंचा आवाज आला, "अवं, कागदच तं हायेत! तुले खाऊन राह्यले का ते?"

"मले नाई खात आत्याबाई. पन उद्या कोनी आलं तं म्हनन, हे काय रांधनखोली हाये का शाळा हाये?"

वैभवी, तिची धाकटी जाऊ, दारात उभी होती. हातात फोन, कानाजवळ पेन खोचलेलं. ती भांडली असती तर शुभांगीला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "राहू दे निकू. माहे पाठ झाले ते."

म्हणजे फाडून काही उपयोग झाला नव्हता.

शेवटची चिठ्ठी तिळाच्या डब्यावर होती आणि ती काही केल्या निघेना. शुभांगीने नखाने खरवडली, ओला फडका फिरवला. कागद गेला, पण डिंकात रुतलेली शाई पत्र्यावर राहिलीच. सुमसुम. खरवडून खरवडून तो शब्द शुभांगीच्या डोक्यात बसला. डबा तिने मागच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवला.

शुभांगी मेडशीच्या या घरात कामरगावहून आली तेव्हा घराला सून नव्हती आणि स्वयंपाकाला चव नव्हती, असं खुद्द गोजराबाईच सांगत. तिने दोन्ही आणलं. शेतात हळद, भाजी, तूर. घरात सासू, नवरा गणेश, दीर पवन. सगळ्यांचं पोट तिच्या हातून चाललं. शाळेत ती बारावीपर्यंत गेली होती, पण गल्लीत तिची ओळख वेगळीच होती. भुलाबाईच्या महिन्यात पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणत, आणि गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणून वाजवून दाखवी. आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, एवढंच विचारायची मुभा. ओळखता आलं नाही की पोरी हरल्या. शुभांगीची खिरापत या गल्लीत आजवर कोणी ओळखली नव्हती. एका वर्षी तिने डब्यात लाडू कापडात गुंडाळून बसवले होते, आणि वर चार सुपाऱ्या टाकून सगळ्या गल्लीला सुपारीच्या मागे लावलं होतं. बाया पुढच्या पोळ्यापर्यंत ते काढून हसत होत्या. माणसाला नाव लागायला तेवढंही पुरतं.

वैभवी पाच वर्षांमागे आली. नर्सिंग शिकलेली, वाशिमच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी केलेली. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. न बोलण्याचं काम सगळे फार काळजीने करत. आणि आता ती इस्रायलला जाणार होती. तिकडे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला इथल्या बाया लागतात, पगार चांगला, कागद रीतसर. हाताला काम येतं, पण तोंडाला तिथली हिब्रू भाषा आली पाहिजे. मुलाखत दिवाळीनंतर काही महिन्यांनी. म्हणून रोज संध्याकाळी घरापुढच्या ओट्यावरच्या त्या एकाच कोपऱ्यात, जिथे फोनला रेंज येते, तिथे वैभवीचा क्लास भरायचा.

शिकवणारे किहीमकर सर. मूळ अलिबागकडचे ज्यू, आईबापाबरोबर लहानपणीच तिकडे गेलेले, पण मराठी अशी स्वच्छ की पहिल्या दिवशी गोजराबाई फोनजवळ जाऊन पाहून आल्या. "बाप्पा! हा तं आपल्यासारखाच बोलून राह्यला."

सर शब्दांची घोकंपट्टी करू देत नसत. ते म्हणत, तीन अक्षरं धरा. त्या भाषेत बहुतेक शब्दांच्या बुडाशी तीन अक्षरांचं मूळ असतं. ते हाती लागलं की त्याचं अख्खं घराणं हाती लागतं. त्यातलं काही तर तुमच्या वऱ्हाडी बोलण्यातच आहे. तुम्ही किताब म्हणता, तिकडे काताव म्हणजे त्याने लिहिलं, मिख्ताव म्हणजे पत्र. अक्षरं तीच. कापड एक, आंगडं-टोपडं वेगळं.

निकिताला कळेना, तेव्हा वैभवी तिला कोठीत घेऊन गेली. बेण्यासाठी ठेवलेल्या हळदीतला एक गड्डा उचलून तिने तिच्या हातावर ठेवला. "हा गड्डा म्हंजे तीन अक्षरं. अन् याले फुटलेली ही बोटं म्हंजे शब्द. बोट कुठलंबी मोड, आत रंग तोच."

शुभांगी दाराआड तांदूळ पाखडत होती. गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करायचं काम दरवर्षी तिचं होतं. तिची नखं त्या दिवसांत महिनाभर पिवळी राहत. तेव्हा निकिता कधी जवळ येऊन बसली नव्हती. नाक धरून पळायची. आज तोच गड्डा नाकाशी नेऊन हुंगत होती.

तिथून ते सुरू झालं. कोणाला सांगता येईल असं त्यात काही नव्हतं. वैभवीने कोणाचं काही घेतलं नव्हतं, उलट बोलली नव्हती. पण निकिता शाळेतून आली की दप्तर आईच्या खोलीत टाकायची आणि पाय काकूच्या खोलीकडे वळायचे. शुभांगी तिच्या डोक्याला तेल लावायला जास्त वेळ घेऊ लागली, म्हणजे तेवढा वेळ तरी पोरगी समोर बसेल. पोरगी बसायची, आणि बसल्या बसल्या म्हणायची, "आई, लेखेम म्हंजे भाकर. अन् मिलखामा म्हंजे लढाई. अक्षरं एकच! काकू म्हनते, दोघी एकाच घरच्या."

"भाकर अन् लढाई एका घरात राह्यतात हे समजाले एवढ्या दूर जा लागते का वं?" शुभांगी म्हणाली आणि वेणी जरा जास्तच ओढली.

"आई गं! दुखते न!"

आणि मग खोलीची गोष्ट निघाली. दिवाळीनंतर वैभवी वाशिमला खोली करून राहणार होती. तिकडे एका ठिकाणी म्हाताऱ्यांची सेवा करायचं प्रशिक्षण होतं, रेंज चांगली होती, आणि मुलाखतीपर्यंत रोज एसटीने जाणं-येणं जमणारं नव्हतं. पवन म्हणाला, एकटी कशी राहशील. तर निकिताच म्हणाली, "मी जाईन काकूसंग. तिथल्या शाळेत जाईन." एका दमात. जसं काही घरात आधीच ठरलं होतं आणि फक्त आईला सांगायचं राहिलं होतं.

गणेश खूश झाला. "वाशिमच्या शाळेत शिकली तं पोरीचं भलं होईन." गोजराबाईही म्हणाल्या, "काकूजवळ हाये, परक्याजवळ थोडीच हाये." पवन तर दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या माणसाला खोलीसाठी फोन करून मोकळा झाला. सगळ्यांनी शुभांगीकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाहू." त्या दिवसापासून घरात रोज कोणीतरी तिला विचारत होतं, आणि ती रोज "पाहू" म्हणत होती. तिला दिसत होतं ते एवढंच: मुलाखत झाली की वैभवी विमानात बसेल, पण पोरगी तोवर तिची होऊन गेलेली असेल. मग मेडशीला परत येईल ती निकिता कोणाच्या भाषेत बोलेल?

चिठ्ठ्या फाडल्या त्याच दिवशी संध्याकाळी क्लास भरला होता. शुभांगी आत भाकरी थापत होती. ओटा आणि चूल यांच्यामध्ये एक खिडकी, तीतून सगळं ऐकू येई. सर म्हणाले, "आजचं मूळ कामाचं. अवोदा म्हणजे काम. ओवेद म्हणजे काम करणारा. आता त्याच मुळातला तिसरा शब्द, एवेद. कोण असेल? अंदाज करा. वैभवी, तू नको सांगू, तुझा झालाय. निकिता?"

निकिता विचारात पडली. "हजेरी घेनारा?"

"नाही."

शुभांगीच्या हातातली भाकरी थांबली. तिच्या कानांना हा खेळ ओळखीचा होता. डबा वाजतो, आत काय आहे ते आवाजावरून सांगायचं. काम आहे, काम करणारा आहे, मग उरलं कोण? विचार करायच्या आधीच तिने खिडकीतून उत्तर दिलं.

"मालक!"

फोनमधून सरांचं हसू आलं. तसं वाईट नव्हतं ते. "ताई, मालक कसा?"

"काम करनारा करते, पन काम असते मालकाच्या नावावर."

"फार बरोबर विचार आहे. पण एवेद म्हणजे गुलाम."

तेव्हा निकिता हसली. खदाखदा हसली, वैभवीच्या मांडीवर हात मारून. "आई! मालक म्हने! गुलामाले मालक करून टाकलं!"

वैभवी हसली नाही. तिने निकिताचा हात हलकेच दाबला. शुभांगीने खिडकीतून तेही पाहिलं. तव्यावरची भाकरी एका अंगाने करपली आणि त्या रात्री ती भाकरी तिने स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

कोजागिरीला भुलाबाईचा शेवटचा दिवस. त्या दिवशी सगळ्या गल्लीच्या पोरी एकाच अंगणात जमायच्या, आणि यंदा पाळी यांच्या घराची होती. सकाळीच निकिता म्हणाली, "आई, यंदा खिरापत काकूले करू दे न. ती इकडं कोनाले माहीत नाई असं कायतरी करीन. ओळखूच नाई शकनार कोनी."

"या घरची खिरापत मीच करतो," शुभांगी म्हणाली. "अन् कोनी ओळखन तं मी डबा वाजवनं सोडून देईन."

तिने दुपारी कोणाला आत येऊ दिलं नाही. मागच्या फळीवरचा, भिंतीकडे तोंड केलेला डबा काढला. तीळ भाजले, गुळाचा पाक केला, वड्या थापल्या. आश्विनात तीळ कोणाला आठवतील? तीळ म्हटले की लोकांना संक्रांतच दिसते. वड्या तिने केळीच्या पानात घट्ट बसवल्या, म्हणजे हलणार नाहीत, आणि वर मूठभर फुटाणे सोडले. डबा हलवून पाहिला. फुटाणेच बोलत होते. वड्या गप्प होत्या. तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. निकिता एकदा आत डोकावली होती, पाणी प्यायला. हात पुसत तिळाच्या डब्याकडे पाहून गेली.

संध्याकाळी अंगण भरलं. पाटावर मातीचे भुलाबाई-भुलोजी, समोर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, टिपऱ्यांचा कडकडाट. गाणी संपली तशा पोरी "डबा! डबा!" ओरडू लागल्या. बायाही पुढे सरकल्या. शेजारची देवला म्हणाली, "आता शुभांगीताई आमाले बरोबर रडवते."

शुभांगीने डबा वाजवला. खुळखुळ खुळखुळ.

"फुटाने!"

"नाई."

"शेंगदाने!"

"नाई."

"गोड का तिखट?"

"गोड."

"गोड फुटाने! रेवड्या! बत्तासे! साखरफुटाने!"

"नाई, नाई, नाई." शुभांगीच्या गालांवर रंग चढला. हेच ते तिचं. या अंगणात ती कोणाची कमी नव्हती. तिने निकिताकडे पाहिलं. पोरगी आज तरी तिच्याकडे पाहत असेल म्हणून.

निकिता तिच्याकडे पाहत नव्हती. ती वैभवीच्या खांद्याला टेकून उभी होती. तिने वैभवीकडे मान वळवली आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, कोणालाच कळणार नाही या भरवशावर म्हणाली, "सुमसुम."

पोरींना वाटलं, निकूला काहीतरी भलतंच सुचलं. "काय म्हनते वं?" "काकूची भाषा बोलते ते!" सगळ्या हसल्या.

शुभांगीच्या हातातला डबा तसाच राहिला. तो शब्द तिने नखाने खरवडला होता. या अंगणात तो वैभवीला येत होता, निकिताला येत होता आणि तिला. पोरीला आईचं गुपित फोडायचं होतं आणि त्यासाठी तिने अशी भाषा निवडली होती जी आईला येणार नाही.

आता वैभवी सांगेल. तिच्या ओठावर आलेलं शुभांगीला दिसलं. तिळाच्या वड्या, एवढंच तर म्हणायचं होतं. सगळं अंगण टाळ्या पिटेल, पोरगी उड्या मारेल, आणि इतक्या वर्षांचं नाव पुसून जाईल. शुभांगीने श्वास धरला. येऊ दे, एकदाचं येऊ दे.

वैभवीने डब्याकडे पाहिलं, मग शुभांगीकडे.

"नाई बा," ती म्हणाली. "मले नाई येत ओळखता. हारलो आमी."

"काकू!" निकिता ओरडली.

"हारलो म्हनलं न निकू. खोल ताई."

डबा उघडला. "तीळ! या मयन्यात तीळ!" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. देवला म्हणाली, "बाप्पा, हे बाई काई आयकत नाई." शुभांगीने सगळ्यांच्या हातावर वड्या ठेवल्या. वैभवीच्या हातावर ठेवताना बोटांना बोटं लागली तेही तिला नकोसं वाटलं. हरली असती तर रडून मोकळी झाली असती. जिंकवून सोडलं होतं बाईने. आता हे कुठे ठेवायचं?

पोरी भुलाबाई घेऊन विसर्जनाला गेल्या. वैभवी अंगणात सांडलेले फुटाणे झाडत होती. शुभांगीने तिच्या हातातून झाडू घेतला.

"काहून नाई सांगतलं?"

वैभवीने समजलं नाही असं दाखवून पाहिलं, पण जमलं नाही. "तुमाले समजलं?"

"तिळाच्या डब्यावर हाये अजून ते. निघतच नाई. मी इचारून राह्यली, काहून नाई सांगतलं? माह्यावर कीव करून राह्यली का तू?"

"कीव कायची ताई?" वैभवीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माह्याजवळ काय हाये कीव करासाठी? तुमचा डबा कोनी ओळखत नाई. माहा डबा सारं गाव वाजवून पायते, अन् सारे मनतात, रिकामा हाये. पोट्टी माह्या मांगं मांगं फिरते तं मले थोडे दिवस बरं वाटते, तेवढंच. अन् तरी संध्याकाळी झोपाले तुमच्याच कुशीत जाते. ते पायते मी रोज खिडकीतून. तुमी पायता न मले, तसंच."

शुभांगी झाडत राहिली. फुटाणे दगडांच्या फटीत अडकले होते.

"सरांनी मांगं एक मूळ सांगतलं होतं," वैभवी म्हणाली, आता पुन्हा हळू. "आपन रहम म्हनतो न, ते. तिकडं राखामिम म्हंजे दया. अन् रेखेम म्हंजे गर्भाची पिशवी. एकच अक्षरं. मी सरांले म्हनलं, हे मले नाई पाठ करा लागत. सर काई बोलले नाई. फोन कट झाला का काय, असं वाटलं."

शुभांगीला काही बोलावंसं वाटलं. चांगलं काही बोलावं, असं वाटलं. पण आतमध्ये जे होतं ते चांगलं नव्हतं. बाईचं दुःख ऐकूनसुद्धा तिच्या मनात हेच आलं की पोरगी हिच्याबरोबर चार महिने एका खोलीत झोपेल, आणि कुशीत जायला तिथे दुसरी कूस नसेल. तिला स्वतःची लाज वाटली, पण ते काही कमी झालं नाही. झाडू भिंतीला टेकवून ती आत गेली.

ताटं वाढली. दुधाचं पातेलं चंद्राखाली ठेवलं होतं, गोजराबाई त्यावर फडकं धरून बसल्या होत्या. निकिता आईच्या नजरेला नजर देत नव्हती. भाकरीचे तुकडे करत होती आणि खात नव्हती. शुभांगीने तिच्या ताटात तिळाची एक वडी ठेवली.

"खा. सुमसुम हाये."

निकिताचा हात जागीच थांबला. मान वर आली, कान लाल झाले. "आई, मी..."

"खा म्हनलं न."

गणेश पाण्याचा तांब्या उचलत म्हणाला, "पवन उद्या वाशिमले चालला. त्या खोलीचं पक्कं करा लागते, तो मानूस थांबत नाई म्हने. तुहं काय, अजून पाहूच हाये का?"

"नाई," शुभांगी म्हणाली. "पायलं."

पवनचा घास हातात राहिला.

"निकिता जाईन वाशिमले. मीबी जातो. क्लासले तिच्या बाजूनं मी बसन. मुलाखत होऊन वैभवी निगाली का मंग आमी दोघी वापस येऊ."

"अवं पन इथं..." गोजराबाई म्हणाल्या. "रांधन कोन?"

"पीठ पिपात हाये. मीठ वरच्या फळीवर. दोघं भाऊ हायेत, शिकतीन."

"अन् हळद?" गणेश म्हणाला. "काढनी येते न समोर!"

"काढनीच्या टायमाले येईन. गड्डे कोनी मोडजा नोको, ते मी मोडन."

वैभवीने फक्त आपल्या ताटातली भाजी एका बाजूला सारली, जशी बसायला जागा करून द्यावी तशी. शुभांगीने ते पाहिलं, आणि अजूनही तिला ते आवडलं नाही.

"भाऊजी," ती पवनला म्हणाली, आणि दूध आणायला उठली, "उद्या खोली पायाल तं दोघींची पाऊ नोका. तिघींची पाहा."